घराण्यातून आलेली धडधड

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर टिटवाळ्यानंतर लागणारे खडवली हे स्थानक मुंबईपासून सुमारे ७० किलोमीटरवर असले, तरी तेथील आणि आसपासच्या गावांतील कमावत्या माणसांचा दिवस मुंबई-ठाण्याच्या घड्याळावर चालतो, आणि म्हणूनच या पट्ट्यात मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या समुपदेशकांपुढे चिंताविकाराच्या ज्या तक्रारी येतात त्यांत लोकलचा डबा वारंवार डोकावतो. छातीत धडधडते, श्वास अपुरा पडतो, हातपाय गार पडतात, आता आपले काही खरे नाही असे वाटते, अशी लक्षणे घेऊन माणूस आधी हृदयविकाराच्या शंकेने दवाखान्यात जातो, ईसीजी काढला जातो, तो ‘नॉर्मल’ निघतो, ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगून त्याला घरी पाठवले जाते, आणि असे दोन-तीनदा झाल्यावर तो समुपदेशकासमोर येऊन बसतो. सोबत आलेली आई किंवा पत्नी लक्षणांविषयी फारसे बोलत नाही. तिचा प्रश्न वेगळा असतो, आणि तो बहुधा रुग्ण उठून बाहेर गेल्यावर विचारला जातो. हे घराण्यातून आले आहे का, हा तो प्रश्न.

या प्रश्नाला जनुकशास्त्राचा प्रश्न समजून उत्तर देणे ही समुपदेशनातील पहिली घाई ठरते, कारण विचारणाऱ्याला जनुकांविषयी कुतूहल असतेच असे नाही. सासरचे म्हणतात की ती आपल्या आईवर गेली. माहेरचे म्हणतात की लग्नाआधी तिला असे काही नव्हते. धाकट्या बहिणीची सोयरीक ठरायची असेल, तर मोठ्या भावाची गोळी कपाटात कुलूपबंद ठेवली जाते. या परिसरात ‘ठाण्याला पाठवणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही, कारण १९०१ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाने पिढ्यान् पिढ्या मनाच्या आजाराला एक पत्ता दिलेला आहे. त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने मनाच्या साध्या तक्रारींसाठीही जाता येते हे शहरी मध्यमवर्गात रुजवले, तरी टिटवाळ्याच्या पुढे गेल्यावर जुना अर्थच अजून अधिक चालतो. त्यामुळे घराण्याचा प्रश्न हा पुष्कळदा दोष कोणाच्या पदरात टाकायचा याचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर ‘होय’ दिले काय किंवा ‘नाही’ दिले काय, कोणाच्या तरी पदरात तो पडतोच.

आनुवंशिक आजार म्हणजे काय, याची या भागातील कल्पना मुख्यतः सिकलसेलवरून तयार झाली आहे, ही गोष्ट काम करताना हळूहळू लक्षात येते. ठाणे जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर सिकलसेलसाठी रक्ततपासणी होत आली आहे, १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली, आणि आशा कार्यकर्तीला त्याचे गणित पाठ असते: आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के. सिकलसेलचे मूळ खरोखरच इतके नेमके आहे. अकराव्या गुणसूत्रावरील, म्हणजे पेशीकेंद्रातील जनुकांच्या धाग्यांपैकी अकराव्या क्रमांकाच्या धाग्यावरील, हिमोग्लोबिनचा एक घटक घडवणाऱ्या जनुकात एकच अक्षर बदलते, त्यामुळे प्रथिनातील एक दुवा बदलतो आणि तांबडी पेशी कोयत्याच्या पात्यासारखी वाकते. चिंतेच्या बाबतीत असे एकही अक्षर सापडलेले नाही, आणि ते का सापडले नाही याचा इतिहास समुपदेशकाने नीट समजून घ्यावा असा आहे. कारण तो कळला नाही की सिकलसेलचे गणित नकळत धडधडीलाही लावले जाते.

चिंताविकार घराण्यांत आढळतो, यात शंका नाही. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या भावंडांत जनुके जवळजवळ सारखी असतात आणि दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांत ती सरासरीने निम्मी सामाईक असतात. या दोन प्रकारच्या जुळ्यांतील साम्याची तुलना करून एखाद्या गुणाच्या बाबतीत माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकापैकी किती भाग जनुकांतील फरकाशी निगडित आहे याचा अंदाज बांधता येतो. जॉन हेटेमा आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले तेव्हा सततच्या चिंतेच्या विकारासाठी हा भाग सुमारे ३२ टक्के आणि अचानक येणाऱ्या भयाच्या झटक्यांसाठी, म्हणजे पॅनिकसाठी, सुमारे ४३ टक्के निघाला. हा आकडा सांगताना फार जपावे लागते. ‘४३ टक्के’ असे म्हणताच ऐकणारा असे धरून चालतो की आपल्या मुलाचा आजार ४३ टक्के रक्तातून आणि उरलेला बाहेरून आला. वास्तविक तो आकडा एका माणसाविषयी काहीच सांगत नाही, तो विशिष्ट समाजातील, विशिष्ट काळातील फरकांची वाटणी सांगतो, आणि परिस्थिती बदलली तर तोही बदलतो. मात्र हा फरक पाच मिनिटांत समजावून देण्याची युक्ती कोणाला गवसली असल्याचे दिसत नाही, म्हणून अनुभवी समुपदेशक आकडा गाळूनच बोलतात, आणि ते योग्यच म्हणावे लागेल.

आकड्यापेक्षा अधिक घोळ ‘चिंतेच्या जनुका’ने घातला. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी रसायने वापरतात त्यांपैकी सेरोटोनिन हे एक असून, वापरलेले सेरोटोनिन परत पेशीत खेचून घेणारे एक वाहक प्रथिन असते. त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याच्या चालू-बंद होण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या भागात सुमारे ४४ अक्षरांचा एक तुकडा काही लोकांत असतो, काहींत नसतो. क्लाउस-पेटर लेश आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ५०५ जणांच्या अभ्यासातून असे मांडले की आखूड प्रकार असणाऱ्यांत चिंताळू स्वभाव किंचित अधिक आढळतो. किंचित हा शब्द महत्त्वाचा होता, कारण खुद्द त्या लेखातही या एका जनुकाचा वाटा एकूण फरकाच्या ३ ते ४ टक्केच सांगितलेला होता. पुढे २००२ मध्ये अहमद हरीरी यांनी आखूड प्रकाराच्या लोकांना भेदरलेले चेहरे दाखवले असता त्यांच्या मेंदूतील अमिग्डाला, म्हणजे धोक्याची दखल घेणारा कानशिलाच्या आतील बदामाएवढा भाग, अधिक जोराने प्रतिसाद देतो असे दाखवले, आणि २००३ मध्ये अवशलोम कॅस्पी यांनी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे जन्मापासून निरीक्षणाखाली असलेल्या तरुणांच्या आधारे असे प्रतिपादन केले की आयुष्यात आघात झाले तर आखूड प्रकाराची माणसे नैराश्यात अधिक सहज जातात. जनुक, मेंदू आणि परिस्थिती या तिन्ही कड्या एका साखळीत बसल्यासारख्या दिसल्या, आणि प्रशिक्षणवर्गांच्या टिपणांपासून वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांपर्यंत ही साखळी पोहोचली.

ती टिकली नाही. हरीरी यांच्या मूळ अभ्यासात २८ माणसे होती, ही बाब पुरवण्यांत कधी आली नाही. नील रिश यांनी २००९ मध्ये १४ अभ्यासांतील १४,२५० व्यक्तींची माहिती एकत्र केली तेव्हा आघातांचा परिणाम स्पष्ट दिसला, पण त्यात आखूड-लांब प्रकाराने काही भर पडते असे आढळले नाही. २०१९ मध्ये रिचर्ड बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी नैराश्यासाठी वर्षानुवर्षे चर्चेत असलेली १८ जनुके फार मोठ्या नमुन्यांवर तपासली आणि ती इतर कोणत्याही जनुकांपेक्षा विशेष ठरत नाहीत असा निष्कर्ष काढला. विज्ञानाने स्वतःच स्वतःची दुरुस्ती केली, हे त्याचे भूषण खरे. परंतु दुरुस्तीची बातमी मूळ बातमीइतकी लांब जात नाही, आणि म्हणून आजही एखादा सुशिक्षित पालक मोबाइलवर वाचलेले ‘सेरोटोनिनचे जनुक’ घेऊन येतो व मुलाची ती तपासणी कोठे होईल असे विचारतो.

आता जे चित्र समोर आले आहे ते कमी नाट्यमय पण अधिक भरवशाचे आहे. एखादे जनुक आधीच संशयित म्हणून न निवडता संपूर्ण जनुकसंचात पसरलेली लाखो ठिकाणे एकाच वेळी तपासणारे अभ्यास आता होतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात १२ लाखांहून अधिक लोकांची माहिती वापरली गेली आणि चिंतेशी संबंधित शंभराहून अधिक जनुके पुढे आली. यांपैकी प्रत्येकाचा परिणाम इतका सूक्ष्म आहे की एकटे कोणतेही जनुक माणसाला आजारी पाडत नाही किंवा वाचवतही नाही. शिवाय यांतील पुष्कळशी नैराश्य आणि अस्वस्थ स्वभाव यांच्याशीही सामाईक आहेत, ही गोष्ट प्रत्यक्ष कामात फार उपयोगी पडते. घराण्यात असे कोणी होते का, असे विचारल्यावर ‘नाही’ असे ठाम उत्तर मिळते, कारण ‘असे’ म्हणजे नेमके हेच, असा त्याचा अर्थ घेतला जातो. पण रात्र रात्र न झोपणारी आत्या, घराबाहेर पडणे सोडून दिलेली आजी, संध्याकाळ झाली की प्यायल्यावाचून न राहणारे काका, अशी एकेकाची विचारपूस केली की त्याच घरातील वंशावळ भराभर भरत जाते. एकाच ओढीची ही वेगवेगळी रूपे असू शकतात, पण ती प्रत्येक घरात तशीच असतात असे मात्र मानता येत नाही.

जनुकांतील बदल मेंदूच्या कामावर कसा उतरतो, याचे सर्वांत उलगडून दाखवणारे उदाहरण चिंतेच्या रुग्णांतून आलेले नाही, तर भीतीच हरवलेल्या एका स्त्रीकडून आले आहे. वैद्यकीय वाङ्मयात केवळ आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या अमेरिकी स्त्रीला उर्बाख–विटे हा अत्यंत दुर्मीळ आजार आहे. पहिल्या गुणसूत्रावरील एका जनुकातील बिघाडामुळे तो होतो आणि काही रुग्णांत त्यामुळे मेंदूच्या दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट होतात. तिला साप, कोळी, भयपट किंवा प्रत्यक्ष सुरीचा धाक यांपैकी कशाचीच भीती वाटत नसे, आणि त्यावरून अमिग्डाला म्हणजे भीतीचे घर असे समीकरण मांडले गेले. मात्र २०१३ मध्ये जस्टिन फाइन्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी तिला, आणि तोच आजार असलेल्या दोन जुळ्या बहिणींना, ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या हवेचा एक श्वास घ्यायला लावला, तेव्हा तिघींनाही जबरदस्त भयाचा झटका आला. निरोगी तुलनागटातील १२ जणांपैकी केवळ तिघांना तसा आला. म्हणजे बाहेरच्या धोक्याचे भय आणि शरीराच्या आतून उठणारे घुसमटीचे भय यांचे मार्ग वेगळे आहेत, आणि अमिग्डाला दुसऱ्या प्रकारचे भय निर्माण करण्याऐवजी बहुधा त्याला आवरतही असावा.

सकाळच्या गर्दीत कल्याणच्या दिशेने जाणाऱ्या डब्यात धडधड सुरू होणाऱ्या माणसाला या संशोधनाचा थेट उपयोग होतो. गर्दीच्या डब्यातील हवेत कार्बन डायऑक्साइड ३५ टक्क्यांच्या जवळपासही कधी जात नाही. परंतु डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ मध्ये मांडल्याप्रमाणे काही माणसांतील घुसमटीची सूचना देणारी यंत्रणा जरुरीपेक्षा लवकर वाजते, आणि ही संवेदनशीलता काही अंशी आनुवंशिक असल्याचे नॉर्वेतील जुळ्यांच्या अभ्यासातून दिसले आहे. इशारा वाजला की माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड उलट कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि हीच लक्षणे हृदय बंद पडत असल्याचा पुरावा वाटू लागतात. ‘तुमचा इशारा जरा लवकर वाजतो, तुमच्या वडिलांचाही वाजत असेल, पण आग लागलेली नाही’ एवढे सांगितले तरी पुष्कळांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. येथे आनुवंशिकतेचा उल्लेख दोष हलका करतो. आपण ‘कच्च्या मनाचे’ आहोत ही वर्षानुवर्षांची बोचणी त्यातून कमी होते. तोच उल्लेख सोयरिकीच्या बैठकीत गेला तर काय करील याची मात्र हमी नसते.

स्वभावाचा पल्ला दोन्ही बाजूंना असतो, हे खडवलीत भातसा नदीच्या काठी सहज दिसते. पावसाळ्यात नदी भरली असता एकाच घरातील एक मुलगा पाण्यात उडी घ्यायला आतुर असतो आणि दुसरा काठावरून हलत नाही. या नदीत उत्साहाच्या भरात उतरून जीव गमावणाऱ्यांच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना काठावरच्या मुलाला भित्रा म्हणवत नाही. जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना अनोळखी आवाज, रंग आणि वास यांचा अनुभव देऊन असे नोंदवले होते की सुमारे पाचांतील एक बाळ नव्या गोष्टीने फार खवळते, आणि अशी मुले पुढे बुजरी होण्याची शक्यता अधिक असते, पण त्यांतील बरीचशी तशी होतही नाहीत. सख्ख्या भावंडांत जनुके सरासरीने निम्मीच सामाईक असल्यामुळे एकाच आईबापांच्या पोटी हा सगळा पल्ला येऊ शकतो, हे सांगितल्यावर ‘दोघांना सारखेच वाढवले, मग हाच असा का’ या तक्रारीतला कडवटपणा कमी होतो.

आईबापांची चिंता मुलांत कशी उतरते, यावर थालिया एली आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये स्वीडनमधील जुळ्यांच्या मुलांचा केलेला अभ्यास या कामासाठी कदाचित सर्वाधिक मोलाचा आहे. एकबीज जुळ्यांपैकी एकीची मुले आणि दुसरीची मुले कागदोपत्री मावसभावंडे असली तरी जनुकांच्या दृष्टीने सावत्र भावंडांइतकी जवळची असतात. तेव्हा चिंता केवळ जनुकांतून येत असेल, तर मावशीच्या चिंतेचाही ठसा भाच्यांवर दिसायला हवा. तसा तो फारसा दिसला नाही. किशोरवयीन मुलांतील चिंता ज्या घरात ती वाढली तेथील पालकाच्या चिंतेशी जोडलेली आढळली. स्थानकावर एकटे जाऊ न देणे, परीक्षेच्या सकाळी आईने चारदा देवापुढे जाऊन येणे, उशीर झाला की वडिलांनी दहा फोन करणे, यांतून जग धोक्याचे आहे हा धडा रोज दिला जातो. असे सांगण्यात एक पेच आहे. आपल्याकडे मुलांच्या प्रत्येक उणिवेचा हिशेब आईकडे मागितला जातो, आणि जनुकांनी तिला ज्या आरोपातून थोडे मोकळे केले होते त्यात वाढवणुकीचे हे संशोधन तिला पुन्हा अडकवू शकते. म्हणून हा मुद्दा आईला एकटीला सांगू नये, वडील आणि आजी समोर असतानाच सांगावा, आणि तो बदलता येण्याजोगी गोष्ट म्हणून सांगावा, असा संकेत समंजस समुपदेशक पाळतात.

भारतीय आकड्यांचे दुर्भिक्ष येथे सतत जाणवते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने १२ राज्ये पाहिली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. चिंतेवरील मोठ्या जनुकीय अभ्यासांतील बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत, आणि त्यांच्यावरून तयार केलेला जोखमीचा गुणांक येथील आगरी, कुणबी किंवा कातकरी माणसाला लावण्यास सबळ आधार नाही, कारण ज्या खुणांवर तो उभा असतो त्यांचे प्रमाण आणि परस्परसंबंध लोकसमूहागणिक बदलतात. जातीतल्या जातीत विवाह करण्याच्या दीर्घ प्रथेमुळे तर भारतातील अनेक समूहांचा जनुकीय इतिहास शेजारच्या गावातील समूहाहूनही निराळा झालेला आहे. जीनोम इंडिया प्रकल्पाने सुमारे १०,००० भारतीयांचे संपूर्ण जनुकसंच वाचून जानेवारी २०२५ मध्ये ते संशोधकांसाठी खुले केले, ही सुरुवात मोलाची असली तरी तो चिंतेचा अभ्यास नव्हे. अशा अवस्थेत थुंकीच्या नमुन्यावरून ‘चिंतेची प्रवृत्ती’ सांगणाऱ्या खासगी चाचण्यांवर काही हजार रुपये घालवू नयेत, असे स्पष्टपणे सांगणे भाग आहे.

जनुकांतील फरक खरोखर हाताशी येतो तो गोळीच्या बाबतीत. चिंतेसाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या एसिटालोप्राम या औषधाचे विघटन यकृतातील सीवायपी२सी१९ नावाचे विकर करते, आणि त्याच्या जनुकाचा मंद प्रकार दक्षिण आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा अधिक आढळतो. दोन्ही प्रती मंद असणाऱ्याच्या रक्तात नेहमीच्या मात्रेतही औषध जास्त साठते. ‘मला गोळी चढते’ असे म्हणणाऱ्याची त्यामुळे थट्टा करू नये. सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता वाढणे हे तर जनुकांशिवायही घडते, आणि तेवढ्यावरून गोळी बंद करून मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी मागून घेणारे पुष्कळ असतात. असा माणूस डॉक्टरकडे परत गेला आणि मात्रा कमी करून हळूहळू वाढवली गेली, तर हेच औषध बहुधा सोसते. त्यासाठी जनुकचाचणी दर वेळी लागतेच असेही नाही.

बोलण्याच्या उपचारांचा परिणाम जनुकांवरून आधी सांगता येईल, अशीही आशा मध्यंतरी निर्माण झाली होती. एली यांच्याच गटाने २०१२ मध्ये सेरोटोनिन वाहकाचा आखूड प्रकार असलेली मुले वर्तनोपचाराने अधिक बरी होतात असे सुचवले आणि २०१६ मध्ये अधिक मुलांवर तपासून ते पुन्हा आढळत नाही असे जाहीर केले. तेव्हा उपचार सर्वांसाठी एकाच पद्धतीने सुरू होतो: ज्याची भीती वाटते त्याला थोडे-थोडे सामोरे जायचे, आणि झटका आला तरी तो ओसरेपर्यंत तेथेच थांबायचे. खडवलीच्या माणसासाठी ही पायरी-पायरीची आखणी मार्गानेच करून ठेवलेली आहे. दुपारच्या रिकाम्या गाडीने आधी टिटवाळ्यापर्यंत, मग आंबिवली, शहाड, मग कल्याण, आणि तेथपर्यंत जमल्यावर तोच क्रम सकाळच्या गर्दीत. अडचण एवढीच येते की कसाऱ्याच्या बाजूला लोकल विरळ आहेत. टिटवाळ्याला उतरलेल्या माणसाला परतीसाठी फलाटावर बराच वेळ बसावे लागते, आणि पहिल्या आठवड्यात बहुतेकांची तक्रार प्रवासाविषयी नसून या बसण्याविषयी असते. म्हणून सराव लिहून देताना समुपदेशकाला गाड्यांचे वेळापत्रक समोर ठेवावे लागते, आणि मेगाब्लॉक असल्यास रविवारचा सराव सोमवारी ढकलावा लागतो.